शिट्टी

सोमवारी पहाटे चूळ भरली
आणि पाणी डाव्या कोपऱ्यातून निघून गेलं,
मला न विचारता.

आरशात उजवीकडे मी होतो.
डावीकडे कुणाचा तरी गाल
सांभाळायला म्हणून ठेवलेला.

सात वाजता दाभोळहून पहिली फेरीबोट.
शिट्टी ओठांत धरली, फुंकली.
नुसती हवा.
खोक्यांचा ट्रक मागे मागे येत राहिला
पार फळीच्या काठापर्यंत.
मी दोन्ही हात आडवे करून धावलो.
वरून तांडेल ओरडला, "परश्या, शिट्टी गिळलीस काय?"
सत्तावीस वर्षं या जेटीवर
मी तोंडाने गाड्या थांबवतोय.

दुपारपर्यंत सगळ्यांना कारण कळलं होतं.
बोटीच्या टोकाला उभा राहतोस, खाडीचा वारा कानात शिरला.
कुणाची तरी नजर.
रात्री खाल्लेला मुळा.
धोपाव्याच्या बाजूला एकजण कबुतराचं रक्त चोळतो,
तीन अमावास्यांत तोंड जागेवर.
सुलभा म्हणाली, आधी दवाखाना.
कबुतर कुठे पळत नाही.

मुकादम डॉक्टरीण म्हणाली, "कपाळाला आठ्या घाला."
जन्मभर फुकट घातल्या त्या.
आज अर्ध्याच आल्या,
उरलेलं कपाळ भरती उतरल्यावरच्या पुळणीसारखं साफ.
"हे त्यातल्या त्यात बरं," ती म्हणाली,
"मेंदूत झालं असतं तर कपाळ बहुतेक वाचलं असतं."
जास्त बिघडलंय म्हणून कमी वाईट.
हे समजायला मला बाहेरच्या बाकावर बसावं लागलं.

मग हात वर करा, बोट पकडा,
कानात बॅटरी, आत फोड आहेत का,
बोटाला सुई, साखर किती.
कापसाचा बोळा दोन्ही गालांवरून फिरवला.
दोन्हीकडे कळला.
मी बधिर बधिर म्हणत होतो,
ते नुसतं न हलणं होतं.

कानामागच्या हाडात म्हणे एक बारीक बोळ आहे,
त्यातून चेहऱ्याची नस येते.
सुजली की तिथेच अडकते.
"कशाने सुजली?"
"बहुतेक अंगात झोपलेला एखादा जुना विषाणू.
नक्की सांगता येत नाही."
गावात एवढंच एक माणूस भेटलं
ज्याला नक्की माहीत नव्हतं.
मी गोळ्या तिच्याकडूनच घेतल्या.

पोटभर खाऊन मग घ्यायच्या, शेवटी कमी करत आणायच्या.
तीन दिवसांच्या आत आलात हे चांगलं झालं, ती म्हणाली.
डोळ्यात थेंब, दिवसा काळा चष्मा,
रात्री सुलभा पापणी ओढून कागदी चिकटपट्टी लावायची.
पहिल्या रात्री पट्टी सुटली.
तिने सकाळी सांगितलं,
बांगड्यासारखा बघत झोपला होतास.

सोलकढी अर्ध्या जिभेलाच आंबट.
डाव्या कानात बोटीचं इंजिन
कुणी पातेल्यावर पळी आपटावी तसं.

संध्याकाळी नात पाटी घेऊन समोर बसायची.
ती पहिलीत, मीही.
क ते न सगळं यायचं.
पुढे प फ ब भ म,
तिथे ओठ भेटायचेच नाहीत.
माझं नाव प पासून सुरू होतं
हे मला पन्नाशीनंतर कळलं.
"फरशुराम नाही, आजोबा. परत म्हणा."

पाचव्या आठवड्यात नाकाच्या बाजूला
काहीतरी खेचलं. गळाला मासा लागत नाही,
नुसता हुंगून जातो, तेवढंच.
मी कुणाला बोललो नाही.
दोन दिवसांनी बोललो.

आता शिट्टी वाजते.
डावीकडून थोडी हवा गळते,
ट्रकवाल्यांना फरक कळत नाही.
फक्त हसलो की डावा डोळा आपोआप मिटतो.
डॉक्टरीण म्हणाली, नस परत येताना
एखादी तार चुकीच्या घरात जाते,
राहील कदाचित.

पलीकडून सुकटीच्या टोपल्या घेऊन येणारी हमीदा
काल म्हणाली, "ह्या वयात डोळा मारतोस?"
मी खुलासा करायला गेलो,
तर हसू आलं.